पाठदुखी : गरम पलंगावर पडावे की उभे राहून अंग हलवावे?



या पानावर एरवी आम्ही लागण, खोडवा, पाचट, हुमणी असले विषय घेतो. या खेपेस विषय उसाचा नसून ऊस पिकविणाऱ्याच्या पाठीचा आहे. त्याला कारण घडले ते असे. गेल्या महिन्यात मेडशी गटातले तीन सभासद एकाच आठवड्यात आमच्या टेबलाशी आले आणि तिघांनी एकच गोष्ट विचारली : गरम मसाजचा पलंग हप्त्याने घ्यायचा आहे, तर हप्ता ऊस बिलातून कापून देण्याचे पत्र कारखान्याकडून मिळेल काय? ठिबकसाठी, बेण्यासाठी, खतासाठी अशी पत्रे आम्ही पुष्कळ लिहिली. पलंगासाठी लिहिण्याचा हा पहिलाच प्रसंग. किंमत विचारली तर ती लाख-दीड लाखाच्या घरातली. दोन-तीन एकर ऊस असणाऱ्याच्या हाती सोसायटीचे कर्ज आणि इतर कपाती वजा जाता काय उरते ते आम्हांस ठाऊक आहे, त्यांनाही आहे. तरीही ते आले, म्हणजे दुखणे तसेच जबर असले पाहिजे.

पत्राचा निर्णय आमच्या हातचा नाही, तो वरच्या पातळीवर व्हायचा. आम्ही त्यांना एवढेच म्हटले की अर्ज ठेवून जा, पण अर्ज वर पाठविण्याआधी या पलंगाने काय होते आणि काय होत नाही याची चौकशी करू. ती केली. आम्ही डॉक्टर नव्हे, शेतकीचा डिप्लोमा घेतलेले नोकरदार आहोत. पण पाठ आम्हांलाही आहे, आणि तीही दुखलेली आहे.

ज्यांनी हा पलंग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मूळची कल्पना कोरिया देशातली. गादीच्या मधोमध एक लांब फट असते. तिच्यातून मणक्याच्या दोन्ही अंगांनी खालीवर फिरणारे गुळगुळीत दगडी रूळ असतात, ते विजेवर तापतात. माणसाने कपड्यांसकट उताणे पडायचे. रूळ मानेपासून कंबरेपर्यंत सावकाश फिरत राहतात, मध्येच एका जागी थांबून दाब देतात, आणि अर्ध्या-पाऊण तासाने यंत्र आपोआप बंद पडते. असे पलंग मांडलेली केंद्रे गेल्या वीस वर्षांत आपल्या राज्यात तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली. तिथे रोज फुकट पडायला मिळते. सकाळपासून नंबर लागतात. नंबर येईपर्यंत खुर्च्यांवर बसून व्याख्यान ऐकावे लागते. फुकट कशासाठी याचा उलगडा महिन्याभराने होतो, 'आता पलंग घरीच का नेत नाही' अशी विचारणा सुरू होते तेव्हा.

चार वर्षांपूर्वी आम्हीही अशा एका केंद्रावर पडून आलो. गावाचे नाव इथे घालत नाही. पंधरा-सोळा वर्षे मोटारसायकलवरून प्लॉट बघत हिंडलो, पावसाळ्यात काळ्या मातीतून गाडी ढकलली, त्याची ती कमाई होती. सलग चाळीस दिवस गेलो. पहिल्या दिवशी उठलो तेव्हा पाठ इतकी हलकी वाटली की घरी जाताना बांधावरून उडी मारली. संध्याकाळी जेवायला बसलो तो कंबर पुन्हा धरली. दुसऱ्या दिवशी तसेच, विसाव्या दिवशीही तसेच. आमच्या शेजारच्या पलंगावर मेडशीकडचेच एक गृहस्थ असत. त्यांनी एका वाक्यात सगळा निकाल सांगितला होता : "साहेब, पडून हाओ तवर बरं वाटते, घरी पोचलो का मांगचंच." आम्ही हसलो, आणि दोघेही दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत उभे राहिलो.

म्हणजे गुण येत नव्हता असे नाही. गुण येत होता, तो टिकत नव्हता.

शेकाने बरे का वाटते हे समजून घेण्यासारखे आहे. शेक आपल्याला नवा नाही. आजीने तापवलेले एरंडाचे पान, निर्गुडीचा पाला, वाळूची पुरचुंडी, फडक्यात गुंडाळलेला विटेचा तुकडा हे सगळे त्याच जातीतले. उष्णतेने कातडीतल्या आणि तिच्या खालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, तिथे रक्त जास्त येते, आवळून बसलेला स्नायू सैल पडतो. शिवाय आणखी एक गंमत आहे. मार लागला की आपण आपोआप तिथे हात चोळतो, आणि चोळले की दुखणे कमी वाटते. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी याची उपपत्ती मांडली. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे. चोळण्याची, दाबाची जाणीव त्या फाटकातून शिरली की दुखण्याच्या संदेशाला वाट अपुरी पडते. पाटाचे दार एका शेताकडे फिरवले की दुसऱ्याकडचे पाणी मंदावते, तसे काहीसे. पण दार फिरवल्याने विहिरीतले पाणी बदलत नाही. बाहेरून दिलेली ऊब कातडीखाली थोडीच खोल जाते. मणक्यातली गादी सरकली असेल, सांधा झिजला असेल, तर तापलेल्या दगडाने तो पूर्वीसारखा होत नाही.

आपल्या धंद्यातले उदाहरण घ्या. गवताळ वाढीचा रोग येऊ नये म्हणून बेणेमळ्यासाठी आपण उसाच्या टिपऱ्यांना गरम पाण्याची प्रक्रिया करतो, ५० अंश सेल्सिअसला २ तास. तिथे टिपरी काहीच करीत नाही, नुसती पडून राहते, आणि तरी प्रक्रियेचा उपयोग होतो. बेण्यातला रोग दबतो. पण म्हणून कोणी टिपरी रोज टाकीत घालतो का? एकदा प्रक्रिया झाली की तिला सरीत जावे लागते, डोळा फुटावा लागतो, मुळी सुटावी लागते. ते काम टाकी करीत नाही. आणि उष्णता जास्त झाली तर डोळेच मरतात. पलंगाचे जवळजवळ असेच आहे. तो आखडलेल्या अंगाला हालचालीसाठी मोकळे करून देतो. पुढची हालचाल ज्याची त्याने करायची असते. आम्ही चाळीस दिवस टाकीतच बसलो, सरीत उतरलोच नाही.

हे आमचे एकट्याचे मत नव्हे. अमेरिकेतल्या वैद्यांच्या मोठ्या संस्थेने, अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने, २०१७ साली कंबरदुखीवर मार्गदर्शन काढले. त्यात दुखण्याचे दोन भाग केले आहेत. दुखणे नवे असेल, तीन महिन्यांच्या आतले, तर शेक द्यावा, मालीश करावे. दुखणे तीन महिन्यांहून जुने असेल तर व्यायाम, योग, ताई-ची असे उपाय आधी करावेत, गोळ्या नंतर. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर जे मार्गदर्शन दिले त्यात व्यायाम आहे आणि मालीशही आहे. आपल्याकडे जो कमरेचा पट्टा सर्रास बांधतात तो मात्र नेहमीच्या उपचारात वापरू नये असे म्हटले आहे. म्हणजे मालीश फुकटचे थोतांड आहे असे कोणी म्हणत नाही. प्रश्न आहे तो कशासाठी, केव्हा आणि किती रुपयांत.

त्या अमेरिकन मार्गदर्शनात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आम्हांला सगळ्यांत महत्त्वाची वाटली. नव्याने धरलेली पाठ बहुतेकांची काहीही उपचार केला तरी थोड्या दिवसांत आपोआप सुधारते. आता विचार करा. पाठ धरली, केंद्रावर गेलो, चाळीस दिवसांनी बरे वाटले. श्रेय कोणाला दिले? पलंगाला. घरी बसून हिंडते-फिरते राहिलो असतो तरी चाळीस दिवस गेलेच असते. पाऊस पडायच्या आदल्या दिवशी नवस बोलला तर पाऊस नवसानेच पडला असे वाटते, त्यातलाच हा प्रकार.

आता दुसरी बाजू. त्या तिघा सभासदांपैकी एकाचा मुलगा पुण्यास नोकरीला आहे. त्याने बापाला मोबाईलवर एक चित्रफीत पाठविली होती. बागेत चाळीस-पन्नास चिनी म्हातारी माणसे सावकाश हात वर-खाली करताना दिसतात, आणि खाली लिहिले आहे की याने पाठ बरी होते. सभासदाने ती आम्हांला दाखवून विचारले, "हे काय नाटक हाय?" त्या प्रकाराला चीगाँग म्हणतात. 'ची' म्हणजे श्वास किंवा प्राण, 'गाँग' म्हणजे मेहनत करून मिळवलेली हातोटी. आपल्याकडच्या प्राणायाम शब्दाच्या जवळपासचे काहीतरी. उभे राहून, फार तर बसून, संथ हालचाल, तिच्याशी जुळवलेला श्वास आणि त्याकडे लावलेले लक्ष, इतकेच त्यात असते. अंगातून 'ची' वाहते असे चिनी लोक मानतात. ते कोणत्या यंत्राने मोजून दाखवता येत नाही, तेव्हा तो भाग आम्ही बाजूस ठेवतो. हालचाल मात्र डोळ्यांना दिसते.

हालचाल जुनी आहे. चीनमध्ये चांगशा शहराजवळ मावांगदुई इथे १९७३ साली एक थडगे उघडले. ते इसवी सनापूर्वी १६८ मधले. त्यात रेशमावर काढलेले एक चित्र सापडले, चव्वेचाळीस माणसे निरनिराळ्या व्यायामांच्या स्थितीत उभी. 'चीगाँग' हे नाव मात्र उपचाराच्या अर्थाने अलीकडे रूढ झाले, १९५० नंतर. ल्यू ग्वीजन नावाच्या एका कार्यकर्त्याला पोटात अल्सर होता. गावाकडच्या जुन्या पद्धतीने त्याला आराम पडला आणि मग त्याने सरकारी आरोग्यधामात ही पद्धत सुरू केली. १९५७ साली त्याचे पुस्तक निघाले. पुढे सांस्कृतिक क्रांतीच्या काळात ती बंद पडली, १९७८ च्या सुमारास पुन्हा डोके वर काढले, आणि मग जे झाले ते आपल्याला ओळखीचे वाटेल. मोठमोठ्या सभागृहांत हजारो माणसे खुर्च्यांवर बसत आणि व्यासपीठावरचे गुरू आपली 'ची' त्यांच्याकडे सोडीत. माणसाने काही करायचे नाही, फक्त घ्यायचे. म्हणजे ज्या विद्येचे नावच मेहनत, तिचाही शेवटी पलंग झाला! म्हणून आम्ही म्हणतो, उपचार कोरियाचा की चीनचा की आपला यावर काही ठरत नाही. आपण स्वतः काय करतो यावर ठरते.

२००३ साली चीनच्या क्रीडा खात्याने जुन्या प्रकारांतून चार संच निवडून साध्या रूपात प्रसिद्ध केले. त्यातल्या एकाचे नाव बादुआनजिन, म्हणजे रेशमी कापडाचे आठ तुकडे. आठ हालचाली, सगळ्या मिळून दहा-पंधरा मिनिटे. पहिलीत दोन्ही हातांची बोटे गुंफून आभाळ उचलल्यासारखे हात वर न्यायचे. दुसरीत घोड्यावर बसल्यासारखे पाय फाकवून डावीकडे-उजवीकडे धनुष्य ओढायचे. शेवटचीत टाचा उचलून सात वेळा हलकेच आपटायच्या. नांगर धरलेल्या माणसाला यात अवघड काही नाही.

याने गुण येतो का? जर्मनीत जुनाट मानदुखीच्या रोग्यांवर चीगाँग आणि साधा शिकवलेला व्यायाम यांची तुलना झाली आहे. दोन्ही गटांना जवळजवळ सारखाच गुण आला. कंबरदुखीवरही तशीच तुलना झाली, त्यात चीगाँग साध्या व्यायामापेक्षा सरस ठरले नाही. अमेरिकेत बोस्टन भागात ३२० माणसांवर योग आणि फिजिओथेरपी यांची तुलना झाली, निकाल २०१७ मध्ये छापून आला : बारा आठवड्यांनी दोघांचा गुण सारखा. यातून आम्ही काढलेला अर्थ असा की जादू चीनमध्ये नाही, लोणावळ्यातही नाही. जी हालचाल माणूस रोज, न कंटाळता, दुखण्याला न भिता करतो तीच त्याची औषध.

लोणावळ्याचे नाव निघालेच आहे म्हणून सांगतो. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली तिथे कैवल्यधाम काढले ते याच हेतूने, की आसन-प्राणायामाने शरीरात काय होते ते क्ष-किरणांनी आणि दाबमापकांनी तपासावे, भक्तीने नव्हे. त्याहून आधी, १९१४ साली, आपल्या वऱ्हाडात अमरावतीस वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे केले. त्याचे खेळाडू १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आले. तिकडे औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला. ज्या मुलखात इतके झाले त्या मुलखातल्या माणसाने पाठीसाठी कर्ज काढून पलंग आणावा याचे आम्हांला थोडे वाईट वाटते. आमचाही त्यात नंबर होता हे विसरून बोलत नाही.

आपल्या जुन्या लोकांना या दोहोंचा क्रम बरोबर ठाऊक होता. तालमीत आधी मेहनत, मग मालीश. जोर-बैठका न काढता आलेल्या पोराला वस्ताद तेल लावीत नाही. आयुर्वेदातही तेल लावणे आणि घाम काढणे, म्हणजे स्नेहन-स्वेदन, यांना पूर्वकर्म म्हटले आहे. पूर्वतयारी, मुख्य काम नव्हे. आणि वाग्भटाने व्यायाम सांगताना अर्ध्या शक्तीनेच करावा असेही बजावले आहे. सगळी शक्ती पणाला लावून दुसऱ्या दिवशी अंथरूण धरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. जाता जाता एक : मालीशीत खरा व्यायाम होतो तो मालीश करणाऱ्याला. पडलेला माणूस त्याच्या मेहनतीचा फक्त साक्षीदार.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहायलाच हवा असे वाटले ती सांगतो. आमच्या गटातले एक सभासद, वय पन्नाशीच्या पुढे, साखरेचा आजार. केंद्रावर ऐकलेल्या व्याख्यानावरून त्यांची अशी समजूत झाली की पलंगाने रक्त शुद्ध होते आणि साखर उतरते. दोन महिने त्यांनी गोळ्या बंद ठेवल्या. साखरेच्या आजारात बऱ्याच जणांच्या पायाची जाणीव बोथट होते, त्यांचीही झाली होती. पायाशी शेकाची गादी ठेवून ते झोपले. तळवा भाजला आणि त्यांना कळलेच नाही. घरच्यांना कळले ते वासाने. पुढे चार महिने मलमपट्टी, ऐन खोडव्याच्या कामात घरचे माणूस दवाखान्यात, आणि एक बोट काढावे लागले. हा माणूस अडाणी नाही, सोसायटीचा हिशेब तोंडपाठ असणारा आहे. दुखण्याने आणि रोज गोड बोलणाऱ्याने माणूस कसा गुंगतो ते आम्ही स्वतः अनुभवले आहे. म्हणून त्यांना कोणी हसू नये.

मधुमेह, रक्तदाब, कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करणे हा १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय कायद्याने गुन्हा आहे. छापील कागदावर असे लिहिलेले सापडणार नाही, तोंडी ऐकायला मिळेल. मग आपण एकच करावे. जो सांगतो त्याला म्हणावे, लिहून द्या.

खालीलपैकी काही असेल तर पलंगही नको, व्यायामही नको, आधी डॉक्टर. पाठदुखीबरोबर ताप येतो किंवा वजन उतरते (आपल्याकडे मणक्याचा क्षय दुर्मिळ नाही), पडल्यावर किंवा बैलाने मारल्यावर सुरू झालेले दुखणे, रात्री झोपेतून उठविणारे दुखणे, पायातली ताकद जाणे. आणि मांड्यांच्या आतल्या बाजूस, बसायच्या जागी बधिरपणा येऊन लघवी-शौचावर ताबा राहीनासा झाला, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री अकोल्याचा रस्ता धरावा. साखरेचा आजार असणाऱ्यांनी पायाला शेक घेऊच नये.

आमची पाठ कशी सुटली ते विचाराल. चाळीस दिवसांनंतर दुखणे पायात उतरले तेव्हा अकोल्यास एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. त्यांनी पलंग दाखवला तो साधा, लाकडी. त्यावर आम्हांला झोपवून पहिलाच प्रश्न केला, "दिवसभरात किती चालता?" आम्ही म्हटले, प्लॉट बघतो. त्या म्हणाल्या, "गाडीवरून बघता." पुढे दीड महिना जे केले ते सांगायला फार नाही. सकाळी अर्धा तास चालणे, पहिल्या आठवड्यात दहाच मिनिटे. उताणे पडून गुडघे दुमडून कंबर उचलणे, पाच श्वास धरणे, दहा वेळा. पालथे पडून कोपरांवर छाती उचलणे. ओणवे होऊन मांजरासारखी पाठ वर-खाली करणे. आणि शेवटी उभे राहून ते चिनी आभाळ उचलणे, हे आम्ही आमच्या मनाने घातले, बाईंनी हरकत घेतली नाही. पहिले दहा दिवस अंग जास्तच दुखले. इथेच बहुतेक लोक सोडतात, कारण पलंगावर पहिल्या दिवशी बरे वाटते आणि व्यायामाने पहिल्या दिवशी वाईट वाटते. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी जेवायला मांडी घालून बसलो आणि उठताना जमिनीला हात टेकला नाही. सौभाग्यवतींच्या ध्यानात आले, आमच्या आले नाही. थंडीत अजूनही कधी कंबर आखडते. तेव्हा रबरी पिशवीत गरम पाणी घालून पंधरा मिनिटे शेकतो आणि मग उठून चालतो. ती पिशवी दोनअडीचशे रुपयांत मिळते.

सूर्यनमस्काराबद्दल एक सावधगिरी. तरुणांनी अवश्य घालावेत. पण ज्याची पाठ आधीच धरली आहे त्याने एकदम पुढे वाकून पायाला हात लावायला जाऊ नये. बादुआनजिनमध्येही एक हालचाल तशी आहे, ती सुरुवातीला वगळावी.

शेतातल्या कामाचेही थोडे पाहिले पाहिजे, नाहीतर सकाळी सुधारलेली पाठ दुपारी बिघडेल. लागणीच्या वेळी टिपऱ्या दाबणाऱ्या बाया तासन् तास ओणव्या असतात. वीस-पंचवीस मिनिटांनी एकदा सर्वांनी उभे राहून हात कमरेवर ठेवून मागे रेलावे. मुकादमाने यात वेळ जातो असे म्हणू नये, अर्धे मिनिट जाते. गोणी उचलताना गुडघ्यात बसून, गोणी अंगाशी धरून उठावे, आणि उचललेली असताना कमरेत पीळ देऊ नये. युरियाची गोणी २०१८ पासून पन्नासची पंचेचाळीस किलोची झाली. पाच किलो कमी झाले म्हणून एका हाताने फेकणारे बहाद्दर आम्ही पाहिले आहेत. पुढे त्यांतलेच काही रांगेतही पाहिले.

केंद्राच्या बाजूने एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. तिथे निम्म्याहून जास्त बाया असत. एकीला आम्ही सहज विचारले की गुण येतो का. ती म्हणाली, "गुणाचं देवाले मालूम भाऊ, पण येथी पाऊन घंटा मले कोनी उठ म्हनत नाई." पहाटे पाचपासून जिला कोणी टेकू देत नाही तिला फुकटचा पाऊण तास मिळाला, शेजारी चार बाया बोलायला मिळाल्या. याला औषध नाही म्हणायचे कसे? घरच्या पुरुषांनी हा पाऊण तास घरीच मिळवून दिला तर पलंगाच्या हप्त्यापेक्षा स्वस्त पडेल. आणि चार जणांत बसण्या-बोलण्याचा जो आनंद केंद्रावर मिळतो तो चिनी लोक बागेत मिळवतात, एकत्र व्यायाम करून. एकट्याने केलेला व्यायाम आठ दिवसांत सुटतो, हाही आमचाच अनुभव.

त्या तीन अर्जांचे काय झाले? एक सभासद अर्ज परत घेऊन गेले. दुसऱ्यांना पायात मुंग्या येत होत्या, त्यांना आम्ही आधी तपासून घ्यायला लावले आहे, अर्ज टेबलावरच आहे. तिसरे म्हणजे चित्रफीतवाले. त्यांना पलंग हवाच आहे, पण येत्या हंगामाच्या बिलापर्यंत थांबायला ते तयार झाले आहेत, तोपर्यंत रोज सकाळी हालचाल करून बघायची या अटीवर. अट त्यांचीच, आमची नव्हे.

येत्या पंधरवड्यापासून मेडशी गट कार्यालयासमोरच्या मोकळ्या जागेत रोज सकाळी साडेसहा ते सात आम्ही स्वतः हजर राहू. ज्यांना यायचे त्यांनी सैल कपडे घालून यावे, सतरंजी आपापली आणावी. डॉक्टरांच्या गोळ्या चालू असतील त्या चालूच ठेवाव्यात. ज्यांना वर सांगितलेल्यांपैकी एखादी धोक्याची खूण असेल त्यांनी आधी तपासून घ्यावे, मगच यावे. बायांसाठी वेळ वेगळी हवी असल्यास गटातल्या स्लिपबॉयकडे नावे द्यावीत. पाऊस असेल त्या दिवशी गोदामाच्या ओसरीत.

— ऊस विकास अधिकारी